हात पसरावा लागू नये म्हणून

धोबी तलावच्या नाक्यावर, मेट्रो सिनेमाच्या समोर, जेर महाल नावाची जुनी इमारत आहे. तिचे जिने चढून वर गेलं की दारांवर गोव्यातल्या गावांची आणि संतांची नावं वाचायला मिळतात. आत एक लांब खोली असते. भिंतीलगत पेट्या मांडलेल्या, पेट्यांवर गुंडाळलेले बिछाने, दोरीवर वाळणारे कपडे, आणि एका टोकाला आल्तार, म्हणजे वेदी. आल्तारावर गावाच्या पालक संताची मूर्ती. या खोलीला कूड म्हणतात. सरकारी कागदांवर तिचं नाव ‘क्लब’ असं असतं. धोबी तलाव, कवेल, दाबुल, गिरगाव, माझगाव या पट्ट्यात विसाव्या शतकाच्या मध्याला अशा तीनशेहून अधिक कुडी होत्या. गोव्याच्या कॅथलिक गावांनी मुंबईत उभारलेली ही स्वतःची घरं होती.

कुडीविषयी आजवर बहुतेकदा आठवणींच्या अंगानं लिहिलं गेलं आहे: तिथली गाणी, तिथली फेस्तं म्हणजे संतांचे सण, बोटीवरच्या नोकऱ्या. मला तिचा मागोवा घ्यायचा आहे तो वेगळ्या कारणासाठी. ख्रिस्ती उपदेशात देण्याविषयी पुष्कळ बोललं जातं. घेणाऱ्याविषयी मात्र फार थोडं. गरजू माणसानं मागायचं कसं, कुणाकडे, कोणत्या तोंडानं, आणि मागितल्यावर त्याचं समाजातलं स्थान काय राहतं, हे प्रश्न देवळाच्या दारात नेहमीच उभे असतात. कूड हे या प्रश्नांना सामान्य माणसांनी दिलेलं उत्तर होतं. हे उत्तर कुठून आलं, किती पुरलं आणि कुठे अपुरं पडलं, ते पाहण्यासारखं आहे.

पूर्वज

ख्रिस्ती मंडळीतली पहिली नोंदलेली तक्रार मदतीच्या वाटपाबद्दलची आहे. नव्या करारातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात जेरुसलेममधल्या ग्रीक बोलणाऱ्या लोकांनी गाऱ्हाणं मांडलं, की रोजच्या अन्नवाटपात आमच्या विधवांकडे दुर्लक्ष होतं. प्रेषितांनी तक्रार करणाऱ्यांना गप्प केलं नाही. त्यांनी सात माणसं निवडायला लावली आणि वाटपाचं काम त्यांच्याकडे सोपवलं. म्हणजे मंडळीची पहिली कार्यकारिणी जन्माला आली ती मागणाऱ्यांच्या रेट्यामुळे. चांगल्या मनावर सोडलेली मदत कुणाला तरी वगळते, म्हणून तिला नियम आणि जबाबदार माणसं लागतात, ही समज इतकी जुनी आहे.

दुसरा पूर्वज पोर्तुगालमधला. १४९८ साली लिस्बनला राणी लियोनोर हिच्या आश्रयाखाली ‘मिझेरिकॉर्दिया’ हा दयाकार्याचा बंधुसंघ स्थापन झाला. सात शारीरिक आणि सात आत्मिक अशी दयेची चौदा कृत्यं हा त्याचा कार्यक्रम: भुकेल्याला जेवण, उघड्याला वस्त्र, कैद्याची सुटका, मृताचं दफन, आणि पुढे. सोळाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांतच हा बंधुसंघ गोव्यात आला आणि पुढे वसईलाही पोचला. या संघांच्या रीतींतली एक गोष्ट लक्षात ठेवावी अशी आहे. रस्त्यावर मागणाऱ्यांखेरीज गरिबांचा एक निराळा वर्ग त्यांनी मानला होता: लाजणारे गरीब. चांगल्या घरातले, दिवस फिरलेले, उपाशी राहतील पण हात पुढे करणार नाहीत असे. त्यांच्या घरी मदत गुपचूप पोचवायची, त्यांची नावं बाहेर फुटू द्यायची नाहीत, असा दंडक होता. मागण्याची लाज हा माणसाचा दोष मानण्याऐवजी मदत करणाऱ्यानं सांभाळायची गोष्ट मानली गेली, हे मोठं पाऊल होतं. अर्थात त्यालाही मर्यादा होती. ज्याची अब्रू समाज आधीपासून मानत होता, त्याचीच ती झाकली जाई.

तिसरा पूर्वज या मातीतला आणि पोर्तुगीजांच्याही आधीचा. गोव्याची गावकारी. गावची शेतजमीन गावकारांच्या सामाईक मालकीची. शेतं लिलावानं कसायला द्यायची, आलेल्या पैशातून बांध दुरुस्त करायचे, देऊळ चालवायचं, गावच्या कामकऱ्यांचं देणं भागवायचं, आणि उरलेल्यातून गावकारांना वाटा द्यायचा. पोर्तुगीज सत्ता आल्यावर १५२६ साली आफोंसो मेशिया या अधिकाऱ्यानं गावकारीचे रिवाज लिहून काढले आणि नव्या राजवटीनं ती व्यवस्था महसुलासाठी टिकवली. गाव बाटलं, देवळाच्या जागी इगर्ज, म्हणजे चर्च, आली, तरी गावकारी राहिली. वाटा घेणारा गावकार कुणाचे उपकार घेत नसे. तो त्याचा जन्मानं आलेला हक्क असे.

इगर्जीसोबत कोन्फ्रारिया आली. हा प्रापंचिकांचा बंधुसंघ. त्याचे सभासद सणाला आणि मिरवणुकीला रंगीत झगे घालून चालत, फेस्ताचा खर्च उचलत, आणि सभासद गेला की त्याला खांदा द्यायला, त्याच्यासाठी मिस्सा सांगायला जमत. मरणाच्या वेळी एकटं पडू नये यासाठी माणूस जिवंतपणी वर्गणी भरत असे.

गावकारीनं हक्क दिला, कोन्फ्रारियानं वर्गणी, प्रार्थना आणि मर्तिकाची सोय दिली. या दोन्हींचं मिश्रण करून मुंबईच्या चाळीत बसवलं की कूड होते. म्हणून कूड शहरात जन्मली असली तरी तिचं घडवणं गावात झालेलं आहे.

गाव मुंबईला येतं

गोव्यातून माणसं मुंबईला येऊ लागली ती पोटासाठी. १८७८ साली ब्रिटन आणि पोर्तुगाल यांच्यात करार झाला. त्यानं ब्रिटिश हिंदुस्थान आणि गोवा यांच्यातली जकात एकत्र आणली आणि गोव्याच्या मिठाचा कारभार ब्रिटिशांच्या हाती दिला. करार १८९२ पर्यंत चालला. तेवढ्या काळात किनाऱ्यावरच्या मिठागरांवर पोट असलेल्या कितीतरी कुटुंबांचा आधार सुटला. त्याच १८८०च्या दशकात मुरगावहून घाटावर जाणारी रेल्वे झाली आणि बाहेरची वाट सोपी झाली. दुसरीकडे मुंबई बंदरातून सुटणाऱ्या आगबोटींना स्वयंपाकी आणि वाढपी हवे होते. गोव्याच्या कॅथलिक माणसाला कोणतंही मांस शिजवायला धर्माची आडकाठी नव्हती, युरोपीय पद्धतीचं ताट त्याच्या ओळखीचं होतं. पी. अँड ओ. आणि ब्रिटिश इंडिया या कंपन्यांच्या बोटींवर मुदपाकखाना आणि जेवणाचा दिवाणखाना गोवेकरांच्या हाती गेला. जमिनीवर ते आचारी, बटलर, शिंपी, पाववाले, कारकून आणि वाजंत्री झाले.

बोटीवरचा माणूस म्हणजे तारवटी. त्याच्या नोकरीची रीत कुडीच्या जन्माला कारण झाली. बोटीचा करार काही महिन्यांचा. एक सफर संपली की दुसरी मिळेपर्यंत मुंबईत थांबायचं, कधी आठवडे, कधी कित्येक महिने. या काळात पगार नाही. भरती दलालांच्या हातात, आणि दलालाला पैसे चारल्याशिवाय नाव पुढे सरकत नसे. १९२९ साली नेमलेल्या कामगारविषयक व्हिटली आयोगापुढे खलाशांच्या भरतीतली ही लाचखोरी आणि बोटीची वाट पाहत पडून राहिलेल्या माणसांची दैना, दोन्ही मांडली गेली. अशा माणसाला खोलीचं भाडं परवडणं शक्य नव्हतं. सावकाराकडे जाणं म्हणजे पुढचा करार आधीच विकणं. त्याला हवी होती अशी जागा, जिथे पैसे नसतानाही पेटी ठेवता येईल आणि ते कुणाला समजावून सांगावं लागणार नाही.

एकाच गावच्या काही जणांनी मिळून खोली घेतली, भाडं वाटून घेतलं. त्यातून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कूड आकाराला आली.

कुडीचा कायदा

कुडीत प्रवेश मिळायची मुख्य पात्रता होती त्या गावचं असणं. सभासदानं महिन्याला ठरलेली वर्गणी द्यायची. सुरुवातीला ती काही आण्यांची होती, पुढेही थोड्या रुपयांपलीकडे फारशी गेली नाही. ज्याची बोट लागलेली असे तो भरी, ज्याची नसे त्याची बाकी वहीत चढे, आणि बोट लागल्यावर फिटे. अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार निवडून येत. रोजचा कारभार पाहायला एक माणूस कुडीतच राही. दारूला बंदी, रात्री दार बंद होण्याची वेळ ठरलेली, भांडण झालं तर दंड. आणि संध्याकाळी तेर्स चुकवायचा नाही. सगळ्यांनी आल्तारासमोर बसून कोकणीत जपमाळ म्हणायची. बोट लागलेला आणि न लागलेला, वर्गणी भरलेला आणि थकलेला, सगळे एकाच ओळीत गुडघे टेकत.

१९५८ साली ओल्गा व्हालादारिस यांनी मुंबई विद्यापीठासाठी प्रबंध लिहून या कुडींचा अभ्यास केला. तेव्हा ही व्यवस्था भरात होती. तिचं काम कसं चाले ते पाहिलं की मदत मागण्याचा प्रसंगच कसा टाळला होता हे दिसतं. गावाहून पहिल्यांदा आलेला पोरगा पेटी घेऊन थेट कुडीत येई. त्यानं आपल्या बापाचं आणि वाड्याचं नाव सांगितलं की पुरे. कुणी तरी त्याला कंपनीच्या कचेरीत नेई, कुणी कागदपत्रं करून देई, कुणी घरी पत्र लिहून देई. कोणत्या बोटीवर कोण आचारी आहे आणि कुठे जागा होणार आहे, ही बातमी कुडीत सगळ्यांत आधी पोचे. माणूस आजारी पडला तर शेजारच्या पेटीवाला त्याचं पथ्यपाणी बघे. मेला तर सोनापूरच्या इगर्जीपासून दफनापर्यंतची जबाबदारी कुडीची. त्याची पेटी आणि उरलेले पैसे गावी पोचवणंही कुडीचंच काम.

या सगळ्यात ‘मला मदत करा’ हे वाक्य म्हणायची वेळ क्वचितच येई. पोरगा आला, त्याला जागा दिली. तारवट्याची बोट हुकली, त्याची बाकी लिहिली. वहीत लिहिलेल्या थकबाकीनं माणूस ऋणी होतो, लाचार होत नाही. आज ज्याचं नाव बाकीत आहे त्यानं काल दुसऱ्याची बाकी पाहिलेली असे, आणि उद्या तोच खजिनदार होण्याची शक्यता असे. देणारा आणि घेणारा ही दोन कायमची माणसं नव्हती. एकाच माणसाच्या आयुष्यातले ते दोन काळ होते. कुडीची सगळ्यांत मोठी कमाई मला हीच वाटते.

मदतीचा ओघ उलटाही वाहत होता. कुडीतून गावच्या फेस्ताला, इगर्जीच्या दुरुस्तीला, शाळेला पैसे जात. ज्या दिवशी गावात संताचं फेस्त, त्या दिवशी मुंबईच्या कुडीतही लादाय्न म्हणजे गायलेली प्रार्थना, वाजप आणि जेवण. धोबी तलावचा सगळा परिसर या जगण्यावर उभा राहिला. १८६५ पासूनचं फुर्तादोंचं दुकान वाद्यं विकत होतं, जपमाळा विकत होतं. १७ एप्रिल १८९२ रोजी, ईस्टरच्या रविवारी, मुंबईतच ‘इटालियन भुरगो’ हे पहिलं कोकणी तियात्र, म्हणजे गाण्यांचं नाटक, रंगमंचावर आलं. लुकाझिन्यो रिबेरो, काएतानिन्यो फर्नांडिस, जुआंव आगुस्तिन्यो फर्नांडिस ही त्यातली आद्य नावं. पुढे तियात्र धर्मकार्यासाठी आणि गरजूंसाठी पैसा उभा करण्याचं हमखास साधन झालं. तिकीट काढून हसायला, रडायला येणारा माणूस कुणाच्या तरी औषधपाण्याला हातभार लावी, आणि ज्याला तो मिळे त्याला देणाऱ्यांचे चेहरे पाहावे लागत नसत.

जे दार उघडलं नाही

कुडीचं कौतुक इथे थांबवलं तर ते खोटं होईल. तिनं आपल्या पूर्वजांकडून हक्क घेतला तसा भेदही घेतला. गावकारीत वाटा पुरुषाला मिळे, तोही बापाच्या वंशावरून. कोन्फ्रारिया जातीवार वाटलेल्या. बामण, चारडी आणि शूद्र ही उतरंड बाप्तिस्म्यानं धुतली गेली नव्हती, आणि ती मुंबईला पेटीतून आली. कितीतरी गावांच्या एकाहून अधिक कुडी झाल्या. गाव एक, इगर्ज एक, संत एक, आणि तरी मुंबईत खोल्या वेगळ्या. एकाच देवाच्या नावानं तेर्स म्हणणाऱ्या माणसांना एका छताखाली झोपणं जमलं नाही. हक्कानं मिळणारी मदत ज्याचा हक्क मानला आहे त्यालाच मिळते, ही तिची काळी बाजू.

आणि बाया? बहुतेक कुडींत त्यांना राहायला जागा नव्हती. गोव्याहून आया म्हणून, स्वयंपाकीण म्हणून आलेली बाई मालकाच्या घरात राही. नोकरी सुटली की तिच्यामागे उभं राहायला गाव नसे. नातेवाइकांची खोली, नाहीतर एखाद्या कॉन्व्हेंटचं दार. तारवटी बोटीवर असताना गावात घर, शेत आणि पोरं सांभाळणारी त्याची बायको या सगळ्या व्यवस्थेचा पाया होती. कुडीच्या वहीत मात्र तिचं नाव नव्हतं.

याच पट्ट्यातले मूळचे ख्रिस्ती, मराठी बोलणारे ईस्ट इंडियन, गिरगावच्या खोताच्या वाडीत आणि माझगावच्या माथारपाखाडीत स्वतःच्या घरांत राहत होते. त्यांना कुडीची गरज नव्हती, पण नोकऱ्यांत गोवेकरांशी स्पर्धा होती. १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, त्यांनी ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेऊन बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन स्थापन केली. आपल्या लोकांचं शिक्षण आणि नोकऱ्या हा तिचा उद्देश. पुढे १८९६ साली मांडवीत प्लेग सुरू झाला आणि मुंबई ओस पडू लागली, तेव्हा वाड्यावाड्यांत क्रूस उभे राहिले. चर्चमध्ये गर्दी करणं धोक्याचं, म्हणून लोक क्रुसापाशी जमून प्रार्थना करत. गिरगाव, माझगाव, दादरच्या गल्ल्यांत त्यातले बरेच क्रूस अजून आहेत. शेजाऱ्यांनी एकमेकांसाठी देवाकडे मागण्याची ती जागा होती.

मिशनची सावली

त्याच गिरगावात, कुडींच्या आधीपासून, मदतीची एक अगदी निराळी रीत रुजत होती. अमेरिकन मराठी मिशनचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३ साली मुंबईत उतरले. स्कॉटिश मिशनचे जॉन विल्सन १८२९ साली आले आणि आंब्रोलीला त्यांची शाळा वाढली, जिचं पुढे विल्सन कॉलेज झालं. इथे ख्रिस्ती होणारा माणूस एकएकटा येत होता. १८३९ साली धनजीभाई नौरोजी आणि होरमसजी पेस्तनजी या पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा प्रकरण कोर्टात गेलं आणि त्यांना मिशनच्या घरात आसरा घ्यावा लागला. १८४३ साली नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनच्या घरी राहिला, जेवला. कोर्टानं त्याला वडिलांच्या ताब्यात दिलं, पण त्याला जातीत परत घ्यायचं की नाही यावर शहर पेटलं. बाळशास्त्री जांभेकरांनी त्या मुलाची बाजू घेतली तेव्हा त्यांनाही लोकांचा रोष सोसावा लागला.

या माणसांना मागे गाव नव्हतं, वर्गणीची वही नव्हती. १८५०च्या कायद्यानं धर्मांतरितांचा वारसाहक्क कागदावर वाचवला, पण घराचं दार उघडून देणं कायद्याच्या हातात नव्हतं. उरलं मिशन. तेच घर देई, नोकरी देई, पोरांची शाळा देई, लग्नही जुळवी. मदत मोठी होती आणि ती मनापासून केलेली होती. पण ती एका बाजूनंच वाहत होती. मिशनरी कायम देणारा, नेटिव्ह ख्रिस्ती कायम घेणारा. त्यातून ‘पोटासाठी बाटला’ हा टोमणा बाहेरच्यांनी मारला, आणि आतल्यांच्या मनात तो सलत राहिला.

या सलीला सगळ्यांत धीट उत्तर दिलं नारायण वामन टिळकांनी. १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले टिळक अमेरिकन मराठी मिशनच्या नोकरीत होते. १९१७ साली त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ मांडला, बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांचा. परक्याच्या पगारावर उभी असलेली मंडळी या देशाची होऊ शकत नाही, असं त्यांना वाटत होतं. १९१९ साली मुंबईतच त्यांचा अंत झाला. दरबार फार टिकला नाही, पण घेणाऱ्यानं बरोबरीनं उभं राहावं हा त्यांचा आग्रह मराठी ख्रिस्ती समाजात राहिला. पंडिता रमाबाईंनाही हा पेच टळला नाही. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ त्यांनी विधवांसाठी शारदा सदन उघडलं ते बोस्टनच्या रमाबाई असोसिएशननं दहा वर्षांसाठी बांधून दिलेल्या मदतीवर. दुसऱ्या वर्षी सदन पुण्याला गेलं. या पैशाचं उत्तरदायित्व त्यांना दोन्हीकडे द्यावं लागलं, अमेरिकेतल्या ख्रिस्ती देणगीदारांना आणि इथल्या संशयी सनातन्यांना.

मिशनच्या वाटेनं एक फळ मात्र असं आलं की त्याचा लाभ सगळ्या देशाला झाला. १९२०च्या दशकात अमेरिकन मराठी मिशनच्या क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी नागपाड्यात ‘नेबरहूड हाउस’ सुरू केलं. तिथूनच १९३६ साली समाजकार्याचं शिक्षण देणारी संस्था निघाली, आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था. दयेचं काम अभ्यासाचं आणि प्रशिक्षणाचं काम झालं.

शेजारच्या खोल्या

लालबाग-परळच्या वाचकाला कूड परकी वाटणार नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्गाहून, साताऱ्याहून गिरणीत आलेल्या माणसांनी हेच केलं होतं. एका गावची एक खोली, पाळीपाळीनं झोपणारे गावकरी, भिंतीला टांगलेल्या ट्रंका, शनिवारी भजन, गावच्या देवळासाठी वर्गणी, आणि त्यातून उभं राहिलेलं ‘ग्रामस्थ मंडळ, मुंबई’. जपमाळेच्या जागी टाळ, एवढाच फरक. गिरणगावात एक गोष्ट मात्र जास्त होती: खाणावळवाल्या बाया. एकट्या पुरुषांना महिनाभर उधारीवर जेवू घालणाऱ्या या बायांना १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळात संघटित केलं. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला आणि लांबला, तेव्हा कितीतरी घरं बायांच्या या कष्टांवर तगली. जी जागा कुडीत बाईला मिळाली नाही, ती गिरणगावात तिनं चुलीपाशी उभं राहून मिळवली.

म्हणून कुडीकडे ख्रिस्ती विशेष म्हणून पाहताना तिचा हा सख्खा शेजार विसरू नये. गाव हरवलेल्या माणसाला शहरात पाय टेकायला जागा लागते, आणि ती जागा गाववालेच देतात, ही मुंबईची जुनी रीत आहे. ख्रिस्ती मंडळींनी तिच्यात रोजची एकत्र प्रार्थना आणि मर्तिकाची सोय घातली.

उतरता काळ

कूड ओसरली तीही ठरावीक कारणांनी. १९५५ साली गोवामुक्तीच्या लढ्याच्या काळात भारतानं पोर्तुगीज गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली. जाणं-येणं आणि घरी पैसे पाठवणं अवघड झालं. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. मग गोव्यातच नोकऱ्या निघू लागल्या. सत्तरच्या दशकात आखाताची वाट उघडली, विमानं आली, प्रवासी बोटींचा काळ संपत आला. पोरगा गावातून थेट परदेशी जाऊ लागला, त्याला धोबी तलावला थांबायचं कारण उरलं नाही. १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्यानं जुनी भाडी गोठवली म्हणून कितीतरी कुडी टिकल्या. पण त्याच कायद्यामुळे इमारती दुरुस्तीविना खिळखिळ्या झाल्या आणि पुनर्विकासाच्या दारात उभ्या राहिल्या. आज उरलेल्या कुडींत मुलाखतीला, व्हिसाला किंवा औषधोपचाराला आलेला गावकरी उतरतो. परळला टाटा रुग्णालयात तपासणीसाठी आलेल्या माणसाला मुंबईत चार दिवस स्वस्तात, ओळखीच्या बोलीत राहायला मिळणं किती मोलाचं असतं, हे ज्यानं तिथल्या फुटपाथवर बाहेरगावच्या रुग्णांचे संसार पाहिले आहेत त्याला सांगावं लागत नाही.

कूड गेली तरी मागणं संपलेलं नाही. फक्त ते एकाकी झालं आहे. दादर-परळच्या जुन्या चाळीत किंवा नव्या टॉवरमध्ये राहणारं ख्रिस्ती कुटुंब नोकरी गेल्यावर, आजारपण आल्यावर कुणाकडे जातं? चर्चमध्ये त्यासाठी वाटा आहेत. ओझानाम नावाच्या कॅथलिक तरुणानं आणि त्याच्या मित्रांनी १८३३ साली पॅरिसमध्ये सुरू केलेली सेंट व्हिन्सेंट दि पॉल सोसायटी मुंबईच्या अनेक पॅरिशमध्ये काम करते. तिची रीत मिझेरिकॉर्दियाची आठवण करून देणारी आहे. सभासद दोघादोघांनी घरी जाऊन भेटतात, नावांची वाच्यता करत नाहीत, आणि सभेच्या शेवटी एक बंद पिशवी फिरते. तिच्यात प्रत्येक जण हात घालतो. कुणी किती टाकलं, काही टाकलं की नाही, ते दिसत नाही. देणाऱ्याची गरिबीसुद्धा इथे झाकली जाते. दादरच्या शेजारी माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये १९४८ पासून दर बुधवारी नोव्हेना, म्हणजे खास प्रार्थना, होते. तिथे सगळ्या धर्मांची माणसं आपलं मागणं चिठ्ठीवर लिहून टाकतात, कुणी मेणाचं घर वाहतं, कुणी मेणाचा हात किंवा पाय. माणसांपुढे जे बोलता येत नाही ते तिथे लिहिता येतं.

दोन्ही वाटा चांगल्या आहेत. पण दोन्हींत लाज झाकण्याची सोय आहे, लाज नाहीशी करण्याची नाही. लाज नाहीशी कशी होते हे कुडीनं दाखवलं होतं. वर्गणी सगळ्यांची हवी, अगदी छोटी का होईना, म्हणजे घेणारा आधीच देणारा असतो. नियम लिहिलेले हवेत, म्हणजे मदत कुणाच्या मर्जीवर अवलंबून राहत नाही. कारभारी निवडून आलेले हवेत, म्हणजे आज मदत घेतलेला उद्या कारभार पाहू शकतो. आणि रोज नाही तरी आठवड्याला सगळ्यांनी एकत्र बसायला हवं, म्हणजे कुणाचं काय चाललं आहे हे विचारल्याशिवाय कळतं. या चार गोष्टींना मोठा निधी लागत नाही. कुडी चालवणारे लोक श्रीमंत नव्हते, आचारी आणि वाढपी होते.

आज असं काही पॅरिशमध्ये उभं करायचं तर कुडीची चूक मात्र पुन्हा करता येणार नाही. गाव, जात आणि पुरुषपण ही तिची दारं होती. नव्या वहीत झारखंडहून घरकामाला आलेल्या आदिवासी ख्रिस्ती मुलीचं नाव पहिल्याच पानावर हवं, कारण कुडीच्या काळातल्या आयेसारखी तीही मालकाच्या घरात एकटी आहे. जेरुसलेमच्या विधवांसाठी गाऱ्हाणं मांडलं गेलं तेव्हा मंडळीनं आपली घडी बदलली. ज्या मंडळीत सगळ्यांत परक्या माणसाला तक्रार करता येते, हक्कानं घेता येतं आणि उद्या निवडून येऊन वाटपाला बसता येतं, तिथे मदत मागणं ही शरमेची गोष्ट राहत नाही. ते सभासदाचं काम होतं, वर्गणी भरण्याइतकंच साधं.